मालक, वरडा की

आबा,

आज ऑफिसात एक बाप आला होता आणि तेव्हापासून मी तुमच्यावर चिडून आहे. तुम्हाला जाऊन इतकी वर्षं झाली, आता कुणावर चिडतेस, असं आई म्हणेल, म्हणून तिला काही बोलले नाही. घरी आले ती चहासुद्धा न घेता हा कागद घेऊन बसले. त्या माणसाची पोरगी आजपासून माझ्या हाताखाली कामाला लागली. नुकतीच कॉलेज संपवून बाहेर पडलेली, पहिलीच नोकरी. मुलाखत मीच घेतली होती, आणि आलेल्या सगळ्यांत तिचीच उत्तरं धड होती म्हणून तिला घेतलं. कुणाचा फोन नाही, कुणाचा वशिला नाही. मला बरं वाटलं होतं, चला, एक तरी पोरगी आपल्या पायानं आत आली. आणि आज सकाळी बघते तर तिच्यामागून तिचा बाप. शाहूवाडीकडचा माणूस, पोरीच्या कॉलेजसाठी कोल्हापुरात खोली घेऊन राहिलेला. इस्त्रीचा पांढरा शर्ट, एका हातात नारळ, दुसऱ्या हातात पेढ्यांचा बॉक्स. बसा म्हटलं तरी बसला नाही. टेबलासमोर उभ्या उभ्या म्हणाला, "बाईसाहेब, पोरगी तुमच्या पदरात घातली. आता तुमीच तिचं आईबाप. काय चुकलं तर पोटात घाला."

तेच वाक्य, आबा. शब्द इकडचा तिकडे नाही. तुम्ही लोक हे वाक्य कुठे शिकता? पोरीला नोकरी लागली की बापाच्या तोंडात आपोआप येतं की काय? त्या पोरीनं मान खाली घातली. तिची मान मला चांगली ओळखीची आहे, कारण तशीच मान मी घातली होती. मग मात्र माझं डोकं फिरलं. मी म्हटलं, "इथं कुणी कुणाच्या पदरात नसतंय. ती कामाला आलीय. पगार घेणार, काम करणार. तुम्ही आता घरी जावा." पेढे मी घेतले नाहीत. तो बिचारा बॉक्स तसाच हातात धरून मागं सरकला आणि जाताना दाराला नमस्कार करून गेला.

मला तुमच्या स्कूटरवरची ती सकाळ आठवली. शिवाजी पेठेतून निघून, पंचगंगेचा पूल ओलांडून आपण शिरोलीच्या कारखान्यात चाललोय, माझ्या नोकरीच्या पहिल्या दिवशी. तुम्ही पुढे, मी मागे, माझ्या मांडीवर नारळ. अंगात तुम्ही शिवलेला कुडता. जन्मभर तुम्ही पुरुषांचेच कपडे शिवलेत, बायकांच्या कपड्यांना कधी हात लावला नाही, पण पहिल्या नोकरीचा ड्रेस मीच शिवणार म्हणून हट्ट धरून बसलात. आणि त्या कुडत्याला छातीवर चांगला झाकणाचा खिसा लावलात. मी रडकुंडीला आले तर म्हणालात, "आपिसात पेन लागतंय. पेन काय कानावर ठेवणार हाईस?" मी ओढणी पसरून तो खिसा झाकला. पण खिशाचं सोडा. कापड तुम्ही कुठलं आणलं होतं? कारखान्याच्या मालकांचा सफारी ज्या ताग्यातला शिवला, त्याच ताग्यातलं. तुमच्या मते ते सगळ्यात भारी कापड. आणि त्या दिवशी मालकांनी नेमका तोच सफारी घातलेला. केबिनमध्ये ते राखाडी, मी राखाडी. काचेपलीकडून ऑफिसातले सगळे एकदा त्यांच्याकडे आणि एकदा माझ्याकडे बघत होते.

तुम्ही नारळ टेबलावर ठेवलात आणि म्हणालात, पोरगी पदरात घातली. मालक खुर्चीतून उठले. एवढा आडदांड माणूस, त्यांच्या आवाजाला भट्टीवरची माणसं टरकायची, पण तुमच्यासमोर मऊ झाले. कितीतरी वर्षं तुम्ही त्यांची मापं घेत आलेला. म्हणाले, "मास्तर, काळजी सोडा. आजपासनं ही आमचीच लेक." तुमच्या चेहऱ्यावर जे समाधान पसरलं, ते मी विसरलेले नाही. तुम्हाला वाटलं, काम झालं. माझं काम तिथेच बिघडलं, हे कळायला मला महिनाही लागला नाही.

लेक म्हणजे काय, ते सांगते. कास्टिंगच्या कारखान्यात माल गाडीत भरून गिऱ्हाइकाकडे पाठवण्याचं जे खातं, त्यात मला बसवलं होतं. तिथे सगळी धावपळ संध्याकाळी. दिवसभर माल तयार होतो, पाचनंतर गाड्या लागतात, आणि भरणं, तपासणं, कुठला नग आधी, कुठला मागं, हे सगळं तेव्हाच शिकायला मिळतं. आणि पाच वाजले की मालक केबिनमधून बाहेर येऊन म्हणायचे, "बाळ, मास्तर आल्यात. जा घरला." तुम्ही गेटवर स्कूटर लावून उभे. एक दिवस चुकला नाहीत. दुकान बंद ठेवून यायचात. सगळे बाह्या सरसावून गाडीकडे निघालेत आणि मी पर्स घेऊन गेटकडे. दुपारी मालकांच्या घरून डबा आला की त्यातली भाकरी माझ्या ताटात. मालकीणबाईंना साडी घ्यायला जायचं असलं की मी बरोबर. एकदा त्यांच्या गुडघ्याच्या डॉक्टरकडेही मीच गेले, कामाच्या दिवशी, कामाच्या वेळेत. नाही कसं म्हणणार, लेक होते ना.

आणि ओरडणं. मालक सगळ्यांवर ओरडायचे, मला सोडून. मी दोन गिऱ्हाइकांच्या मालाची लेबलं उलटी लावली. पुण्याचा माल बेळगावला गेला आणि बेळगावचा पुण्याला. माझी चूक, अक्षर माझं, सगळ्यांना माहीत. ते ओरडले कुणाला? आमच्या खात्यातल्या मामांना. मामा माझ्याच शेजारच्या टेबलावर बसायचे, त्यांच्याकडूनच मी काम शिकायचं होतं. ते डोकं खाली घालून ऐकत राहिले, आणि ऐकवून झाल्यावर मालक माझ्याकडे वळून म्हणाले, "जेवलीस का, बाळ?" त्या दिवसापासून मामांनी मला काही शिकवणं बंद केलं. विचारलं तर म्हणायचे, "राहू दे, मी करतो." बोलायचे गोड, पण काम दुसऱ्या पोराला सांगायचे. मामांना मी दोष देत नाही. मी त्यांच्या जागी असते तर मीही तेच केलं असतं.

मी घरी येऊन तुमच्याशी भांडले. आई स्वयंपाकघरात भाकऱ्या थापत होती, तुम्ही पाटावर बसून जेवत होता. मी सगळं सांगितलं. तुम्ही घास तोंडात तसाच ठेवून माझ्याकडे बघितलंत. "लोकं साहेब वरडतोय म्हणून रडत्यात. आन तू वरडत न्हाय म्हणून रडतीयास?" आई हसली. माझ्या अंगाचा तिळपापड झाला. मी म्हटलं, मालकांना जाऊन सांगा, तुमचा शब्द परत घ्या. त्यावर तुम्ही हात धुतलात, ताट तसंच ठेवून. म्हणालात, "दिल्याला शब्द माघारी घेत्यात व्हय? परक्या ठिकाणी पोरगी ठेवायची म्हंजे कुणाच्या तरी पदरात घालावीच लागती. तुला न्हाय कळायचं." नाही कळलं. आजही नाही कळत. कॉलेजला घातलंत तेव्हा कुणाच्या पदरात घातलं नव्हतं. पहिल्या वर्गात पास झाले ते कुणाच्या पदरात बसून झाले नव्हते. मग चार पैसे मिळवायची वेळ आली तेव्हाच मी एकदम ठेवायची वस्तू कशी झाले?

त्यानंतर बरेच दिवस आपण स्कूटरवर न बोलता येत-जात होतो. मला भीती एकाच गोष्टीची होती. असंच चाललं तर मी लेक म्हणून तिथे जन्म काढीन, पगार वाढेल, दिवाळीला साडी मिळेल, आणि काम म्हणून मला काही येणार नाही. दुसरीकडे नोकरी मागायला गेले तर काय सांगू, भाकरी चांगली खाते?

मग तो दिवस आला. मला एका गाडीसाठी ट्रान्सपोर्टला फोन करायचा होता. मी लहान गाडी मागवली. मला वाटलं पुरेल. माल भरताना मी कधी पाहिलाच नव्हता, पेट्या किती जागा खातात मला काय ठाऊक? पाच वाजता मालकांनी नेहमीप्रमाणे जा म्हटलं, आणि का कोण जाणे, मी गेले नाही. गाडी लागलेली बघायला थांबले. निम्मा माल भरला आणि गाडीतली जागा संपली. निम्मा खाली. मालक तरातरा आले आणि मामांवर सुरू झाले. मी मध्ये पडले. "गाडी मी मागवलीय. चूक माझी हाय." मालकांचा आवाज तिथल्या तिथे खाली आला. "असू दे बाळ. तू जा. मास्तर उभं हाईत भाईर." मी म्हटलं, "मामास्नी जे बोलत होता ते मला बोला." हमाल थांबले. मामा माझ्याकडे पहिल्यांदाच नीट बघत होते. मालक इकडं तिकडं बघायला लागले आणि हळू म्हणाले, "तुला कसं बोलू? मास्तरांस्नी काय तोंड दावू मी?"

मी गेटवर आले. तुम्ही स्कूटरला टेकून उभे. तुम्हाला तिथून सगळं ऐकू येत होतं, गेट काही लांब नव्हतं. मी म्हटलं, आबा, आत चला. तुम्ही किल्ली मुठीत धरून आलात. गाडी बघितलीत, खाली राहिलेल्या पेट्या बघितल्यात, मामांचं तोंड बघितलंत. माझ्याकडे मात्र बघितलं नाहीत. मला वाटलं, आता म्हणणार, चल घरी. तुम्ही म्हणालात, "मालक, वरडा की तिला. कामच हाय त्ये. वरडल्याबिगर कळंल कसं?" मालकांनी विचारलं, "मास्तर, नक्की?" तुम्ही म्हणालात, "व्हय."

मग ओरडले ते. इतक्या दिवसांचं साठलेलं असावं. "गाडी मागवताना डोळं कुठं ठेवलं हुतंस? निम्मा माल काय त्यो ड्रायव्हर डोक्यावर घिऊन जाणार हाय? गिऱ्हाइकाला काय सांगू, माझी लेक चुकली म्हणून सांगू? दुसरी गाडी बोलाव, आत्ताच्या आत्ता. आन ती भरल्याबिगर गेटच्या भाईर पाय टाकायचा न्हाय." एवढं ऐकून घेताना मी खूश होते, आबा. इतकी खूश मी पहिल्या पगारालाही नव्हते. मी पळत जाऊन फोन केला. गाडी आली. मामा म्हणाले, "पेटी आडवी लाव, उभी लावशील तर जागा खाईल." तेवढं एक वाक्य, पण त्या वाक्यापासून माझी नोकरी सुरू झाली. तुम्ही तोपर्यंत वॉचमनच्या बाकड्यावर बसून राहिलात. दिवेलागणीला आपण निघालो. पुलावर वारा होता, तुम्ही मान न वळवता म्हणालात, "एवढं बोलायचं काय काम नव्हतं त्याचं." मी मागं बसून हसले. मला वाटलं, झालं, आता सगळं नीट झालं.

कुठलं नीट? पुढं मला खात्याची जबाबदारी मिळाली तेव्हा तुम्ही पेठेत पेढे वाटलेत, आणि तालमीच्या कट्ट्यावर बसून काय सांगितलंत? "मालकांनी लेकीवानी सांभाळलं, म्हणून झालं हे." मी स्वतःच्या कानानं ऐकलं. उन्हाळ्यात भट्टीशेजारी उभं राहून गाड्या भरून घेतल्या मी, ट्रान्सपोर्टवाल्यांच्या शिव्या खाल्ल्या मी, आणि श्रेय मालकांच्या पदराला. मी वाट बघत होते की घरी तरी म्हणाल, चांगलं केलंस. नाही म्हणालात. त्यानंतर तुम्ही फार दिवस राहिला नाहीत, आणि ते राहूनच गेलं.

आणि मालक काही कमी नाहीत. आता त्यांचा मुलगा कारखाना बघतो, ते थकलेत, पण खंडेनवमीच्या पूजेला खुर्ची टाकून बसवतात त्यांना. दरवर्षी नवीन लोकांना माझ्याकडे बोट दाखवून सांगतात, ही मास्तरांची लेक, माझ्या पदरात घातली होती. सगळे हसतात, मीही हसते, आणि आतून जळते. माझ्या हाताखाली एवढी माणसं काम करतात, परदेशी गिऱ्हाइकाशी मी बोलते, आणि अजून मी पदरातच. गेल्या पूजेला न राहवून मी म्हटलं, "मालक, तुम्ही मला सगळ्यांसमोर झापलं होतं, तेही सांगा की." तर त्यांनी हात झटकला. मग म्हणाले, "ते काय सांगायचं पोरी. तुझ्या बापानं त्या दिवसानंतर माझं एक बटन सुदिक लावलं न्हाय. कापड पाठवलं तर माघारी पाठवायचा. हात दुखतोय म्हणायचा." मला ठाऊकच नव्हतं. तुमचा हात दुखत नव्हता, आबा. तुम्ही शेवटपर्यंत पेठेतल्या लोकांचे कपडे शिवत होता. तुम्हीच म्हणालात वरडा, आणि वरडले म्हणून त्या माणसाशी धागा तोडलात, आणि वर कट्ट्यावर बसून त्याचेच गोडवे गायलात. तुमच्यासारख्या माणसाचं काय करावं? ह्यातलं एक तरी मला सांगायचं होतंत.

आता आजचं राहिलं. दुपारी त्या नव्या पोरीनं ट्रान्सपोर्टवाल्याला आजच्याऐवजी उद्या या म्हणून सांगितलं. माल बांधून तयार, गाडीचा पत्ता नाही. मी सगळ्यांसमोर ओरडले. आपल्या पेठेचा आवाज, भिंतींना ऐकू जाईल असा. पहिला दिवस आहे, जाऊ दे, असं मनात आलंही नाही. पोरगी चांगली निघाली. डोळे भरले, पण बसली नाही, फोन उचलला, त्या माणसाला विनवून गाडी आणलीच. आणि पेट्या कशा लावायच्या ते तिनं आपणहून जाऊन विचारलं. मला वाटलं, बघा आबा, अशी असते पहिली नोकरी. पदर नको, काही नको.

पाच वाजता खिडकीतून बघितलं तर गेटवर तिचा बाप. जुन्या मोटारसायकलला टेकून, तोच इस्त्रीचा शर्ट, आता चुरगळलेला. पेढ्यांचा बॉक्स हँडलला पिशवीत अडकवलेला. तो आत बघत होता. दुपारी आला असेल का लवकर? ऐकलं असेल का? मी पर्स उचलली आणि परत खाली ठेवली. मालक म्हणाले होते, मास्तरांस्नी काय तोंड दावू. तेव्हा मला ते ढोंग वाटलं होतं. ओरडायचं नाही म्हणून काढलेली पळवाट वाटली होती. आज कळलं, तो माणूस खरं बोलत होता. आणि तुम्ही तर तिथे उभे राहिलात, आबा. किल्ली मुठीत धरून सगळं ऐकलंत, शेवटपर्यंत. मला एका अनोळखी बापाच्या समोरून चालत जायलाही जमलं नाही.

तरी तुमच्यावरचा राग गेलेला नाही, हे सांगून ठेवते. कागद पाठवायला तुमचा पत्ता नाही, आणि असता तरी तुम्ही उत्तर दिलं नसतंत, नुसतं म्हणाला असतात, हात दुखतोय. गेटवरच्या त्या बापाला एवढंच ऐकायचं होतं की पोरगी कामाची आहे. मालकांनी तुम्हाला ते कधी सांगितलं की नाही, मला माहीत नाही. मला आज सांगता आलं असतं, खरंही होतं, गेटपर्यंत तर जायचं होतं. मी मोल्डिंगच्या, वाळूचे साचे करतात त्या शेडमधून मागच्या दारानं निघून आले. चपलेत अजून वाळू आहे.